हिरवळीआधी कुदळ

दख्खनच्या पठारावर नव्या घराभोवतीची जमीन म्हणजे बहुधा पायाच्या खोदाईतला मुरूम, दगडगोटे आणि यंत्रांखाली दबलेली काळी चिकणमाती. तिच्यावर लाल मातीचा पातळ थर पसरून तयार लॉन अंथरायची पद्धत झटपट आहे, टिकाऊ नाही. काळ्या मातीतले मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पाडते. पाणी दोन थरांच्या सांध्यावर तुंबते आणि मुळे वरच घुटमळतात. म्हणून माती चिकट ओली नसताना १५ ते २० सेंटीमीटर खोदावे, मोठे दगड वेचावेत (बारीक खडी राहिली तरी बिघडत नाही) आणि कुजलेले शेणखत भरपूर मिसळावे.

वाळू घातली की माती मोकळी होते, असे सांगितले जाते. पण थोडी वाळू चिकणमातीत रुतून बसते आणि जमीन उलट कडक होते. फरक पडायला वाळू मातीहून जास्त लागेल. वाळूऐवजी जिप्समचा पर्याय सोडियमने चोपण झालेल्या जमिनीला उपयोगी, तेव्हा आधी माती तपासावी. खोदाई महाग पडते हे मान्य, पण लाल मातीचा ट्रकही फुकट येत नाही. गवत साधी हरळीच बरी, पावसाच्या सुरुवातीला लावलेली. दाट सावलीत मात्र ती विरळ होते. तिथे लॉनचा हट्ट सोडावा.