नववीच्या वेळापत्रकात शेती

सकाळी ६.३०

लातूर जिल्ह्यात शाळा आणि पेरणी एकाच आठवड्यात सुरू होतात. मृग सरत आलेला, आर्द्रा तोंडावर. रात्री बरा पाऊस झाला आहे, पण रानात पाय टाकला की चिखल चपलेला धरून वर येतो. वाफसा यायला अजून दोन दिवस लागतील. रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर पेरणीयंत्र जोडून उभे आहेत आणि माणसं आभाळाकडे बघत चहा पीत बसली आहेत.

आमच्या शाळेत नववीला आजपासून कृषी हा विषय सुरू होतोय. व्यवसाय शिक्षणाच्या योजनेत तो मिळाला. नेमलेल्या पुस्तकात टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा या एका कुळातली पिकं आहेत. गावाच्या डोक्यात मात्र या घडीला सोयाबीन आणि तूर आहे. पुस्तकातली रोपवाटिका मी जुलैत घेणार आहे. जून महिना शिवाराचा. बाहेर अख्खं गाव पेरणीत गुंतलेलं असताना वर्गात टोमॅटोचं शास्त्रीय नाव पाठ करून घेणं मला पटत नाही.

सकाळी ८.३०

हवामान खातं दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं, म्हणून आम्हीही तीच वेळ धरली. आमचं पर्जन्यमापक म्हणजे सरळ उभ्या भिंतीची काचेची बरणी, वर तेवढ्याच रुंदीचं नरसाळं आणि आत धरायला पट्टी. बरणी खाली निमुळती असली किंवा नरसाळं तिच्यापेक्षा रुंद असलं, तर पट्टीवरचा आकडा खोटा ठरतो. मुलांना हे सांगायचं नाही असं ठरवलं आहे. पुढच्या आठवड्यात वेगवेगळ्या तोंडांची भांडी पावसात ठेवू, म्हणजे मुलं स्वतःच त्यावरून भांडतील.

आज २२ मिलिमीटर. फळ्यावर लिहायच्या पहिल्या ओळीची सोय झाली. महसूल मंडळात स्वयंचलित हवामान केंद्र असतं, त्याच्या आकड्याशी आमचा आकडा रोज ताडून पाहायचा आहे. एका गावात पडतो आणि कोसभरावर पडत नाही, ही इथली नेहमीची तक्रार. ती वहीत नोंदलेली असली तर बोलायला आधार राहतो.

सकाळी ११.००

परिपाठ झाला. वर्गात चाळीसेक मुलं, निम्म्यांच्या टाचा चिखलानं भरलेल्या. पेरणीच्या तयारीमुळे काही आलीच नाहीत.

“पुस्तकं दप्तरातच राहू द्या. काल घरी शेतात कुणी काय काम केलं, एवढंच सांगा.”

कुणी बोलेना. शेतातलं काम शाळेत सांगायचं नसतं, हे आपल्याकडची मुलं फार लवकर शिकतात. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “मायसोबत बी निवडलं.” मग फळा भरत गेला. तुराट्या वेचल्या, बांधावरचं गवत काढलं, शेळ्या चारल्या, ठिबकच्या नळ्या गुंडाळल्या, म्हशीची धार काढली, रानात डबा पोचवला. प्रत्येक कामापुढे ते घरात बहुतेक वेळा कोण करतं हेही लिहायला लावलं. फळा पूर्ण झाल्यावर मुलंच म्हणाली, निम्म्याहून जास्त कामं आईची आणि बहिणीची आहेत. मी त्यावर काही बोलले नाही, फळा तसाच राहू दिला.

चार-पाच मुलं मात्र शेवटपर्यंत गप्प होती. त्यांच्या घरी जमीन नाही. काहींचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. हा विषय सातबारावाल्यांचा आहे असं पहिल्या दिवशी त्यांच्या मनात बसलं, तर वर्षभर ते निघत नाही. म्हणून मी पुढची कामं त्यांच्याकडे तोंड करून सांगितली. रोपांचे ट्रे भरणं, शेळ्यांचं लसीकरण, ठिबकची दुरुस्ती, गांडूळखत. रोपवाटिकेला अर्धा गुंठाही पुष्कळ होतो, आणि चांगलं रोप तयार करता येणाऱ्या माणसाला आसपासचे भाजीवाले शेतकरी शोधत येतात. एकानं विचारलं, “मॅडम, शेळी घरची आणली तर चालंल का शाळेत?” चालेल म्हटलं. त्याचा चेहरा बदलला.

सकाळी ११.४०

“गुंठा म्हणजे किती?” सगळ्यांना माहीत. चाळीस गुंठ्यांचा एकर. “फुटात सांगा.” इथे गाडी अडली. एका मुलीनं चाचरत सांगितलं, तेहतीस बाय तेहतीस. बरोबर, १,०८९ चौरस फूट.

सुतळी, खुंट्या आणि टेप घेऊन शाळेमागच्या पडीक तुकड्यावर गेलो. चार गट केले आणि प्रत्येकाला एकेक गुंठा आखायला सांगितला. एका गटाची आखणी पटकन झाली. चारही बाजू नीट तेहतीस फूट, टेप लावून दाखवल्या. पण लांबून पाहिलं की चौकोन कलंडलेला दिसत होता. मी कर्ण मोजायला सांगितले. एक आला बावन्न फुटांच्या वर, दुसरा चाळिसाच्या आसपास. गटात शांतता. बाजू बरोबर असून आकृती चुकली कशी, हा प्रश्न त्यांना पडला आणि तो माझ्याकडून आलेला नव्हता.

ज्याचे वडील गवंडीकाम करतात तो मुलगा पुढे झाला. सुतळीवर तीन फुटांवर एक खूण, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर एक, आणि त्या दोन खुणांमधलं अंतर पाच फूट भरेपर्यंत खुंटी सरकवायची. कोपरा काटकोनात. वडिलांना पाया आखताना त्यानं पाहिलं होतं. सातवीत शिकलेला पायथागोरस तोच, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. गणिताचे सर व्हरांड्यातून पाहत होते, ते खाली उतरले आणि तेहतीस फुटांच्या चौरसाचा कर्ण त्यांनी जमिनीवर काडीनं काढून दाखवला. ४६ फूट ८ इंच. मग चारही गटांचे कर्ण तेवढेच भरेपर्यंत खुंट्या हलत राहिल्या. कलंडलेल्या चौकोनाचं क्षेत्र गुंठ्यापेक्षा कमी भरतं, हेही त्यांनी शोधलं. ज्या गावात बांधाच्या कोरावरून भाऊ भावाशी बोलत नाहीत, तिथे चौदा वर्षांच्या मुलांना हे स्वतः मोजता यावं, याला मी फार महत्त्व देते.

तिथेच उभ्या उभ्या पावसाचा हिशेब केला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. गुंठा साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे रात्रीच्या २२ मिलिमीटरनं या एका गुंठ्यावर बावीसशे लिटरच्या वर पाणी टाकलं. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा ही मुलं अंगणवाडीत होती. पन्नास वाघिणींच्या गाडीत सुमारे २५ लाख लिटर पाणी असायचं. “तेवढं पाणी पंचवीस मिलिमीटरच्या पावसात किती रानावर पडतं?” उत्तर आलं, दहा हेक्टर. पंचवीस एकर. आमच्या शाळेच्या छपरावरून अशा एका पावसात किती पाणी वाहून जातं, हा घरचा अभ्यास.

दुपारी १२.४०

माती परीक्षणाचा नमुना. बांधाजवळ, झाडाखाली, उकिरड्याच्या जागी खड्डा घ्यायचा नाही. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा वीतभर खोल खड्डा करायचा, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घ्यायची, एकत्र मिसळायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असंच करत राहायचं. माती ओली होती, सावलीत पसरून ठेवली. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली सुरू झाली, बारा घटकांची तपासणी असते तिच्यात. घरी पत्रिका असेल तर उद्या आणा म्हटलं. कुणाच्या वडिलांनी ती वाचून खताची मात्रा बदलली का, हे मला विचारायचं आहे.

दुपारी १.३०

मधल्या सुट्टीत एक पालक दारात. डोक्याला गमछा, चेहऱ्यावर काळजी.

“मॅडम, शेतीच करायची तर शाळेत कशाला घालायचं पोराला? ती तर घरीच शिकल. आमाला त्याला लातूरला टाकायचंय, नीटच्या क्लासला.”

लातूर पॅटर्नचा हा जिल्हा. इथे बाप जमीन गहाण टाकून मुलाला शहरातल्या क्लासला घालतो, आणि ते का, हे मला समजतं. त्यांनी एका आयुष्यात जेवढे दुष्काळ पाहिले, त्यानंतर मुलानं या रानात राहावं असं त्यांना वाटणारच नाही. मी त्यांना एवढंच सांगितलं की कृषी घेतल्यानं कुठलीच वाट बंद होत नाही. दहावीनंतर कृषी पदविका आहे. बारावी विज्ञान आणि सीईटी देऊन बीएस्सी कृषी आहे. मी स्वतः परभणीच्या विद्यापीठातून त्याच वाटेनं आले. मग विचारलं, “दादा, यंदा बी कुठलं?”

“घरचंच. तीनशे पस्तीस.”

“उगवण किती टक्के?”

“उगवतंय की चांगलं.”

“किती?”

ते थांबले. घर शाळेजवळच. रुमालात दोन ओंजळी सोयाबीन घेऊन परत आले आणि मागच्या बाकावर बसले.

दुपारी २.१५

शंभर दाणे मोजायचे. एका मुलीचा हात सवयीनं फुटके दाणे बाजूला काढू लागला. तिला थांबवलं. पेरताना पिशवीतून जसं बी पडणार आहे तसंच घ्यायचं, वेचून चांगलं घेतलं तर परीक्षा बियाण्याची होत नाही. गोणपाट भिजवून पिळून घेतलं, दहा ओळींत दहा-दहा दाणे थोड्या अंतरानं मांडले, वर ओलं गोणपाट टाकलं, सैल गुंडाळी करून सावलीत ठेवली. रोज पाणी शिंपडायचं. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजायचे.

दरम्यान त्रैराशिक. उगवण सत्तर टक्के असेल तर एकरी तीस किलो बी पुरतं. साठच निघाली तर? तिसाला सत्तरनं गुणा, साठनं भागा. पस्तीस किलो. मागच्या बाकावरून आवाज आला, “आमी दरसाल एकरी एक पिशवीच टाकतो, तीस किलो. मग इरळ उगवलं की म्हणतो, पाऊस कमी पडला.” वर्गातली सगळी मुलं वळून पाहू लागली. त्यांचा मुलगाही.

सोयाबीनच्या दाण्याचं साल फार पातळ असतं, पोतं उंचावरून आपटलं तरी आतला कोंब दुखावतो. पेर तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल गेली तर कोंब वर येताना दमतो. पीक स्वपरागीत असल्यानं सरळ वाणाचं घरचं बी राखून ठेवता येतं, दरवर्षी विकतची पिशवी लागत नाही. २०२०च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभरातून हजारो तक्रारी झाल्या. दुबार पेरणीचा तो खर्च किती घरांना झेपला नाही, हे या वर्गात सांगावं लागत नाही. एका गोणपाटाची ही तपासणी आहे, खर्च शून्य.

दुपारी ३.३०

मुख्याध्यापकांबरोबर बसले. दोन मागण्या होत्या. पहिली, कृषीच्या तासिका जोडून मिळाव्यात. पस्तीस मिनिटांत रानात जाऊन हातपाय धुऊन परत येणं होत नाही. दुसरी, गावातली जाणती माणसं शिकवायला बोलावण्याची परवानगी. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तिथून शाळांमध्ये गेलेल्या तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात आणि शिकवायला गावातलेच जाणकार असतात. आमच्याकडेही तिफणीनं सरळ तास काढणारे म्हातारे आहेत. दोन्ही मागण्या मान्य झाल्या.

एक नियम मीच लिहून सही केला. या वर्गातलं कुठलंही मूल कीडनाशकाला हात लावणार नाही, रिकाम्या डब्यालाही नाही. लेबलवरचे लाल, पिवळा, निळा, हिरवा हे त्रिकोण मात्र प्रत्येकाला वाचता आले पाहिजेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. मुलं घरी बापाला लाल त्रिकोण दाखवतील, तोंडाला फडकं बांधायला लावतील, वाऱ्याच्या उलट फवारू नका म्हणून सांगतील. या विषयातून दुसरं काहीही साधलं नाही, तरी तेवढ्यासाठी तो शिकवला पाहिजे.

संध्याकाळी ४.३०

वह्या तपासल्या. प्रत्येकीत आजचा पाऊस, गुंठ्याची आकृती, कर्णाची लांबी आणि एक प्रश्न. प्रश्न लिहिणं सक्तीचं ठेवलं आहे. ‘तुरीची मुळं खोल जातात तर सोयाबीनची का नाहीत?’ ‘बटईदाराला पीकविमा मिळतो का?’ दुसऱ्या प्रश्नासाठी मला तालुक्याच्या कृषी कार्यालयात जावं लागेल. उद्या जाते.

वाचणाऱ्यांत कुणी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर असाल, माजी विद्यार्थी असाल, नुसते गावकरी असाल, तर शाळेमागे दोन गुंठे पडीक आहेत का ते पाहा आणि मुख्याध्यापकांना भेटा. टेप, सुतळी, चार खुंट्या, एक सरळ बरणी आणि जुनं गोणपाट एवढ्यावर पहिला महिना निघतो. आणि हा विषय गणितात कच्च्या मुलांसाठी राखून ठेवू नका. वर्गात पहिली येणारी मुलगी कृषी मागत असेल, तर तिला तिथे बसू द्या.