अटॅक वेगळा, अरेस्ट वेगळा

मराठी निधनवार्तांमध्ये ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’ हे शब्द ठरलेले असतात. झोपेत गेलेले आजोबा, धावताना मैदानात कोसळलेला तरुण, कित्येक वर्षं धाप लागत असलेल्या मावशी, सगळ्यांना एकच कारण. बोलतानाही आपण हार्ट अटॅक, कार्डिअ‍ॅक अरेस्ट आणि हार्ट फेल्युअर हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. डॉक्टरांच्या लेखी मात्र या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शेजारच्या माणसाने पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, तेही तिन्हींत वेगळं आहे. म्हणून हा घोळ नुसता भाषेचा म्हणून सोडून देता येत नाही.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज असा, की हार्ट अटॅक म्हणजे हृदय बंद पडणं. अटॅकमध्ये हृदय बहुतेक वेळा चालूच असतं. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या एखाद्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि त्या वाहिनीवर अवलंबून असलेला स्नायू रक्ताविना मरू लागतो. माणूस शुद्धीवर असतो, बोलतो. छातीवर दडपण येतं, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाते, दरदरून घाम फुटतो. मधुमेह असलेल्यांना, वयस्करांना आणि बायकांना कधी कधी छातीत दुखतही नाही. नुसती धाप, मळमळ किंवा कमालीचा थकवा येतो. ‘अ‍ॅसिडिटी झाली असेल’ म्हणत सोडा पिऊन पडून राहण्यात रात्र जाते ती इथेच. अशा वेळी रुग्णाला बसवावं, चालू देऊ नये आणि १०८ ला फोन करावा. जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवलं की अटॅक टळतो, हेही खरं नाही. ती गोळी रक्तवाहिन्या सैलावते, गुठळी विरघळवत नाही. रक्तदाब आधीच खाली गेला असेल तर ती धोक्याची ठरते. ॲस्पिरिनचं काम वेगळं आहे, गुठळी वाढू न देण्याचं. पण तीही डॉक्टरांनी सांगितल्यावरच चावून खायची.

कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये हृदयाची लय बिघडते. विजेचे संदेश विस्कटतात, हृदय नुसतं थरथरत राहतं आणि रक्त पुढे ढकललं जात नाही. माणूस काही सेकंदांत कोसळतो, हाकेला ओ देत नाही. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, पण प्रत्येक अरेस्टमागे अटॅक नसतो. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये फिनलंडविरुद्ध खेळताना डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन मैदानात पडला, तो अरेस्ट होता. मैदानावरच त्याची छाती दाबली गेली, विजेचा झटका दिला गेला. पुढे शरीरात लय सांभाळणारं यंत्र बसवून तो खेळायला परतला आणि २०२४ च्या युरो स्पर्धेत त्याने गोलही केला.

आपल्याकडे असं कुणी पडलं की आधी तोंडावर पाणी मारतात. सुरुवातीला हातपाय झटकले जाऊ शकतात, तेव्हा फीट समजून कांदा हुंगवतात. कुणी म्हणतं, ‘थांबा, श्वास चालू आहे.’ तो श्वास नसतो. ते आचके असतात, अधूनमधून येणारे, घोरल्यासारखे, आणि अरेस्टनंतर काही मिनिटं ते दिसू शकतात. हाकेला प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की पुरे. नाडी शोधत बसू नये. एकाने १०८ ला फोन करावा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवून मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबायला सुरुवात करावी. बरगडी मोडेल ही भीती खरी आहे, ती कधी मोडतेही. पण बरगडी जुळते. मदतीविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. विमानतळासारख्या ठिकाणी भिंतीवर झटका देणारं यंत्र असतं. ते काय करायचं हे बोलून सांगतं आणि गरज नसेल तर झटका देत नाही, म्हणून कुणीही ते हाताळू शकतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा ‘जोरजोरात खोका म्हणजे वाचाल’ हा सल्ला मात्र पुढे पाठवू नये. अरेस्ट झालेला माणूस शुद्धीवरच नसतो, तो खोकणार कसा? आणि अटॅक आलेल्याचा खोकण्यात मोलाचा वेळ जातो.

हार्ट फेल्युअर या नावाने घरंच्या घरं खचतात. ‘फेल’ म्हणजे संपलं, असं आपल्या कानाला वाटतं. प्रत्यक्षात हृदय चालूच असतं, पण शरीराला हवं तेवढं रक्त पुरवताना ते कमी पडतं. पाय सुजतात, आडवं झालं की धाप लागते, उशाला दोन-तीन उशा घ्याव्या लागतात. औषधं, मिठावर ताबा आणि रोज सकाळी वजन पाहणं या जोरावर कित्येक जण वर्षानुवर्षं जगतात. इको रिपोर्टवरचा ‘ईएफ ६० टक्के’ हा आकडा वाचून हृदय चाळीस टक्के निकामी झालं असं समजणारेही पुष्कळ भेटतात. निरोगी हृदयसुद्धा प्रत्येक ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के म्हणजे उत्तम.

राहिली ‘अँजिओ’. एवढंच बोललं जातं आणि गोंधळ होतो. अँजिओग्राफी ही तपासणी आहे, तिच्यात अडथळा दिसतो, निघत नाही. अँजिओप्लास्टी हा उपचार. १९७७ मध्ये झ्युरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याने हृदयाची वाहिनी पहिल्यांदा रुंद केली, आता सोबत बहुधा स्टेंट बसवतात. स्टेंट बसलेल्याला रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या सहसा अनेक महिने घ्याव्या लागतात. दात काढायचाय म्हणून त्या परस्पर बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. तेव्हा ‘बाबांची अँजिओ झाली’ असं सांगणाऱ्याने डिस्चार्ज कार्ड काढून नेमकी कोणती झाली ते पाहावं आणि दाताच्या डॉक्टरांनाही ते दाखवावं.