गुच्छाच्या दुकानासाठी फुलं निवडताना
ग्राहकाने स्वतः फुलं निवडून गुच्छ बांधून घ्यायचा, अशा दुकानाची खरेदी नेहमीच्या फुलवाल्यापेक्षा वेगळी असायला हवी. इथे एकच काडी अनेक जण उचलून पाहतात, परत ठेवतात. म्हणून रंगाआधी पाहावी ती हाताळणी सोसण्याची ताकद. रंगसंगतीचं काय, ते गिऱ्हाईकच ठरवणार! कार्नेशन आणि शेवंती या कसोटीला चांगल्या उतरतात. जरबेराचा दांडा पोकळ. मधल्या चकतीच्या बाहेरच्या दोन-तीन ओळींत पराग दिसू लागला असेल तरच तो घ्यावा, नाहीतर लवकर झुकतो. तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमधला गुलाब बाहेरच्या पाकळ्या नुकत्या सैल झालेला हवा. अगदी घट्ट कळी बरेचदा न उमलताच मान टाकते. लिलीची खालची कळी रंग धरलेली, पण मिटलेली बरी, कारण उमलल्यावर परागाचे डाग कपड्यांवरून सहजी जात नाहीत.

मिटल्या फुलांकडे गिऱ्हाईक वळेल कसं, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी प्रत्येक जातीचं एखादं पूर्ण उमललेलं फूल नमुन्याला ठेवावं, विकायला नाही. मग सगळंच उमललेलं घेऊन फ्रीजमध्ये का ठेवू नये? कारण गुलाबाला २ ते ४ अंश तापमान मानवतं, पण अँथुरियम आणि डेंड्रोबियम ऑर्किड त्या थंडीत काळवंडतात. शिवाय शेजारी पिकत्या आंब्याची पेटी असेल तर कार्नेशनचा टिकाऊपणाही फोल. फळांतून निघणाऱ्या इथिलीनमुळे त्याच्या पाकळ्या आत वळून मिटतात.