ऑपरेशननंतरचा चहा आणि थंडा

"सिस्टर, सहा महिन्यांत थंड्याचा एक घोट घेतला नाही. मग चक्कर का येते?"

वस्तीतल्या एका ताईंनी हा प्रश्न मला नळावर विचारला. वजन कमी करण्याचे ऑपरेशन त्यांनी करून घेतले होते. 112 किलोवरून त्या 86 वर आल्या होत्या. शुगरची गोळी बंद झाली होती, पोटमाळ्याची शिडी चढता येत होती, घरचे खूश होते. पण कामाला जाताना बसमध्ये दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन 7.9 निघाले. लोहाची गोळी तर त्या रोज घेत होत्या. कशाबरोबर घेता, असे विचारले. म्हणाल्या, "चहाबरोबर. रिकाम्या पोटी गोळी सोसत नाही ना!"

दवाखान्यातून मिळालेल्या कागदावर 'कोल्ड्रिंक बंद' असे ठळक लिहिले होते. ते त्यांनी काटेकोर पाळले. चहाबद्दल एकच ओळ होती, पहिल्या महिन्यापुरती. म्हणून या वेळी दोन्हींबद्दल लिहिते आहे, आणि चहाबद्दल जरा जास्त. थंडा आपल्याकडे पाहुणे आले की येतो. चहा दिवसातून चार-पाच वेळा उकळतो.

आधी ऑपरेशनमध्ये काय होते ते पाहू. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार केले जातात. 'स्लीव्ह' मध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून काढतात आणि केळ्याएवढी अरुंद नळी शिल्लक राहते. 'बायपास' मध्ये जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी लहानशी पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. म्हणजे खाल्लेले अन्न जठराचा मोठा भाग आणि आतड्याची सुरुवात सोडून पुढे जाते. बायपासच्या पिशवीत सुरुवातीला जेमतेम 30 मिली मावते, म्हणजे दोन मोठे चमचे. ही मापे लक्षात ठेवली की पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

थंड्याचे आधी संपवते, कारण त्यात वादाला फारशी जागा नाही. 250 मिलीच्या बाटलीत दाबून भरलेला वायू मोकळा झाला तर त्याची जागा पाऊण लिटरच्या आसपास होते. साध्या पोटाला एक ढेकर आली की सुटका होते. ऑपरेशन झालेल्या पोटात तो वायू अडकतो. छातीखाली कळ येते, पोट ताणते, कधी सगळे उलटून पडते. 'सोड्याने पिशवी फुगून पुन्हा मोठी होते' असे पुष्कळजण सांगतात. त्याचा पक्का पुरावा नाही, आणि त्या भीतीची गरजही नाही, कारण दुसरे कारण पुरेसे आहे. ते म्हणजे साखर. कोलाच्या 250 मिलीमध्ये 26-27 ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. बायपास झालेल्या माणसाच्या आतड्यात ही साखर एकदम उतरते. आतडे मग रक्तातले पाणी ओढून घेते. दहा मिनिटांपासून अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब, गळाल्यासारखे होणे सुरू होते. याला डॉक्टर 'डम्पिंग' म्हणतात. काहींना त्याच साखरेचा दुसरा फटका एक ते तीन तासांनी बसतो: शरीर जास्त इन्सुलिन सोडते, रक्तातली साखर खाली जाते आणि हातपाय थरथरू लागतात. घरचे घाबरून दुसरा थंडा आणून देतात. त्या क्षणी बरे वाटते, पण तेच चक्र पुन्हा फिरते. असे दोनदा झाले तर डॉक्टरांना सांगावे. स्लीव्हनंतरही हा त्रास होतो, पण कमी जणांना.

'डाएट' लिहिलेल्या बाटलीत साखर नाही, पण वायू आणि आम्ल तेवढेच. गोटी सोडा, लिंबू सोडा, जिरा सोडा हेही त्याच वर्गातले. आणि एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही: पोटात जळजळ झाली की पाण्यात टाकून पितो ती इनोची पुडीसुद्धा फसफसून तोच वायू सोडते. ऑपरेशननंतर जळजळ झाली तर पुडी फोडू नका, डॉक्टरांकडून गोळी घ्या.

तरुण मुलांसाठी एक वेगळी सूचना. वीस-पंचवीस रुपयांत मिळणारी एनर्जी ड्रिंकची छोटी बाटली रिक्षावाले, रात्रपाळीवाले, जिमला जाणारे सर्रास पितात. त्या 250 मिलीत साधारण 70 ते 80 मिलिग्रॅम कॅफिन असते, वायू असतो आणि बहुधा साखरही असते. ऑपरेशन झालेल्या माणसाला त्रास देणारे तिन्ही एका झाकणाखाली. दारूत सोडा मिसळून घेण्याबद्दल एवढेच सांगते की बायपासनंतर दारू फार लवकर आणि फार जोरात चढते. पूर्वी जेवढी 'झेपत' होती तेवढ्यात माणूस गाडीवरून पडतो.

आता चहा. चहाच्या कपात कॅफिन 30 ते 50 मिलिग्रॅमच्या घरात असते, कटिंगमध्ये त्याहून कमी. कॉफीच्या कपात दुपटीच्या आसपास. कॅफिनने जठरातले आम्ल वाढते. ऑपरेशनचे टाके ताजे असताना ते नको, म्हणून सुरुवातीला चहा-कॉफी बंद ठेवतात. कुठे महिना सांगतात, कुठे त्याहून जास्त. तुमच्या सर्जनने जे सांगितले तेच पाळावे, शेजारच्या वस्तीतल्या कोणाला काय सांगितले ते नव्हे. स्लीव्ह झालेल्यांना छातीत जळजळण्याचा त्रास आधीच जास्त असतो. त्यांनी रात्री झोपण्याआधीचा चहा तर पुढेही टाळावा. चहाने लघवी होऊन शरीर सुकते असे म्हणतात, पण रोजच्या चहावाल्याला ते फारसे लागू नाही. खरी अडचण जागेची आहे. दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव घोटाघोटाने आत जायला हवा, आणि तोही जेवणाबरोबर नाही, जेवणानंतर अर्धा तास सोडून. त्यात पाच वेळचा चहा बसवला तर पाण्याला वेळच उरत नाही. मे महिन्यात पत्र्याखालच्या घरात हे फार महागात पडते.

चहा बंद करताना एक फसगत होते, ती ऐका. रोज पाच-सहा कप घेणाऱ्याचा चहा अचानक सुटला की बारा ते चोवीस तासांत डोके ठणकायला लागते. दोन दिवस जोर असतो, कधी आठवडाभर चालते. माणूस मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणतो, डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन. बायपास झालेल्या पोटात जोडाच्या ठिकाणी अल्सर व्हायला जी कारणे असतात त्यांत या गोळ्या अगदी वरच्या क्रमांकावर आहेत. तंबाखूही त्याच रांगेत आहे, मग ती विडीतली असो वा मिश्रीतली. म्हणून ऑपरेशनची तारीख मिळाली की तेव्हापासूनच दोन-तीन आठवड्यांत एकेक कप कमी करत आणावे. डोके दुखलेच तर पॅरासिटामॉल चालेल का, एवढे डॉक्टरांना विचारून ठेवावे.

मूळ प्रश्न लोहाचा. चहात तुरट चव आणणारे जे टॅनिन असते ते पोटात लोहाला धरून ठेवते. जेवणाबरोबर चहा घेतला तर त्या जेवणातले निम्म्याहून अधिक लोह शरीराला मिळतच नाही. भाकरी, डाळ, पालेभाजीतले लोह यात जास्त अडकते. कलेजी, मटण, सुकटीतले कमी अडकते. दूध घातल्याने सुटका होत नाही. कोरा चहा आणि 'वजन उतरवणारा' म्हणून विकला जाणारा ग्रीन टी यांचेही तेच. त्यात बायपासने आतड्याचा जो पहिला भाग वगळला जातो, लोह मुख्यतः तिथेच शोषले जाते. म्हणजे दार आधीच अरुंद झाले आहे आणि आपण चहाने तेही लावून घेतो. ज्या बाईची पाळी सुरू आहे, आणि पाळीला रक्त जास्त जाते, तिच्याकडे शिल्लक अशी कितीशी असणार? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. ऑपरेशनच्या टेबलावर जाणाऱ्या आपल्या ताया याच स्त्रियांमधल्या असतात.

यावर खर्चाचा उपाय लागत नाही, फक्त वेळ बदलावी लागते. लोहाची गोळी आणि चहा यांत अंतर हवे: गोळीआधी निदान एक तास आणि नंतर दोन तास चहा-कॉफी नको. गोळी लिंबू पिळलेल्या साध्या पाण्याबरोबर किंवा आवळ्याच्या फोडीबरोबर घेतली तर लोह जास्त लागते. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण तीही लोहाच्या आड येते. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर थोड्या खाण्यानंतर घ्या, पण ते खाणे चहा-बिस्कीट नको. आमच्या ताईंनी सकाळी अकराची वेळ धरली. कामावर त्या वेळी त्यांना दहा मिनिटे मोकळी मिळतात आणि डब्यात लिंबाची फोड असतेच. गोळीने शौचास काळे होते, त्याला घाबरू नये. पण डांबरासारखे चिकट, दुर्गंधीचे काळे झाले आणि सोबत चक्कर असेल तर तो रक्तस्राव असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पाणीही पोटात ठरत नसेल, उलट्या थांबत नसतील, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

चहाबरोबर जे बुडते त्याबद्दलही बोलायला हवे. चहा-चपाती, चहा-टोस्ट, चहा-खारी हा आपला सकाळचा नाष्टा. ऑपरेशननंतर घट्ट घास चावून खाल्ला तर लहान पोट लवकर भरते आणि बराच वेळ भरलेले राहते. चहात भिजून लगदा झालेले टोस्ट मात्र सरळ घसरून जाते. सहा टोस्ट गेले तरी पोट भरल्याचे कळत नाही. वर दोन चमचे साखरेचा कप. दिवसाला असे पाच कप म्हणजे दहा चमचे, साधारण 50 ग्रॅम साखर, 200 कॅलरी. वर्ष-दीड वर्षाने वजन पुन्हा चढू लागले की लोक म्हणतात ऑपरेशन फेल गेले. माझ्या पाहण्यात पुष्कळदा ऑपरेशन ठीक असते आणि टोस्टचा पुडा रोज संपत असतो. सकाळी आधी अंडे, मुगाचे धिरडे, उसळ असे काही चावून खावे. चहा नंतर, एकटा, अर्धा कप, शक्यतो बिनसाखरेचा.

राहिला प्रश्न नाही म्हणण्याचा. तो औषधाचा नाही, पण सगळ्यांत अवघड तोच. पाहुण्याने चहा नाकारला की आपल्या घरात चेहरे उतरतात. आपल्या कपाला शिवायचे नाही म्हणून चहा नाकारणारी माणसे आपल्या आजोबा-आजीने पाहिली आहेत, काहींनी आजही पाहिली असतील. त्यामुळे "मला चहा नको" हे शब्द आपल्या कानाला वेगळेच लागतात. ऑपरेशन झालेल्यांना मी एकच सुचवते. चहा नको म्हणताना त्याच घरचे पाणी मागून घ्या, त्यांच्याच पेल्यात, आणि सावकाश घोट घेत बसा. घरच्यांनी कारण विचारले तर सांगा, लपवू नका. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत उन्हात मुले हातात थंडा आणून ठेवतात, तेव्हा जवळ स्वतःची पाण्याची बाटली असली की काम सोपे होते. पाणपोईवरच्या सरबतातही साखर किती आहे ते चाखल्यावर कळेलच. आयोजकांनी एका पिंपात नुसते थंड पाणी ठेवले तर शुगरवाल्यांचीही सोय होईल.

ताईंना हिमोग्लोबिन फारच कमी म्हणून शिरेतून लोह द्यावे लागले. नंतर गोळीची वेळ बदलली. तीन महिन्यांनी 11.2 आले. बी-12 ची आणि इतर जीवनसत्त्वांची औषधे त्यांना जन्मभर घ्यायची आहेत, आणि दर काही महिन्यांनी रक्त तपासायचे आहे. हे ऑपरेशनआधी कोणी नीट सांगितले नव्हते, अशी त्यांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. तुम्ही किंवा घरातले कोणी या ऑपरेशनचा विचार करत असाल तर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा: कोणत्या गोळ्या किती वर्षे, महिन्याचा त्यांचा खर्च किती, आणि रक्ततपासणी कुठे स्वस्तात होईल. तपासणीला जाताना गोळ्यांची सगळी पाकिटे पिशवीत घालून न्या, आणि कोणती कशाबरोबर घेता हेही सांगा. विचारले नाही तरी सांगा.

ताई आता दुपारी चारला एक कटिंग घेतात. बिनसाखरेचा. पहिल्या आठवड्यात तो काढ्यासारखा लागला म्हणाल्या, आता सवय झाली आहे.