ऑक्सिजन पूर्ण सोडला, तरी आकडा का वाढत नाही?

मागच्या बैठकीत एका ताईंनी मनातली सल बोलून दाखवली. त्यांच्या सासूबाई न्यूमोनियाने आयसीयूमध्ये होत्या. ऑक्सिजन पूर्ण सोडलेला, तरी बोटाच्या चिमट्यावरचा आकडा नव्वदच्या आसपासच. घरच्यांना वाटलं, नळी नीट लावलेली नाही, नाहीतर आपल्याला फसवताहेत. आज आपण हे कोडं हिशेबाने सोडवू.

फुप्फुसात हवेचे कोट्यवधी बारीक फुगे असतात. फुग्याला लागून रक्त वाहतं आणि तिथेच ऑक्सिजन भरून घेतं. एवढे फुगे कोण मोजणार? म्हणून 1949 साली अमेरिकेत रायली आणि कूर्नाँ या दोन शास्त्रज्ञांनी सोपी मांडणी केली. फुप्फुसाचे तीनच भाग आहेत असं समजायचं. पहिल्यात हवाही येते, रक्तही येतं. दुसऱ्यात रक्त येतं, पण हवा पोचत नाही. तिसऱ्यात हवा येते, पण रक्त येत नाही. अशा मांडणीला गणिती प्रतिकृती म्हणतात.

आपल्या कोड्याचं उत्तर दुसऱ्या भागात आहे. समजा, दहा जणी हंडे घेऊन नळावर निघाल्या. प्रत्येकीच्या हंड्यात 100 पैकी 70 भाग पाणी आधीच आहे, कारण शरीर रक्तातला सगळा ऑक्सिजन वापरत नाही, बराचसा परत येतो. नळ चालू असले तर दहाही हंडे भरतात.

पण न्यूमोनियात काही फुगे पाण्याने, पुवाने भरतात. म्हणजे तीन जणींचे नळ बंद. सात हंडे भरले, 700 झाले. तीन हंडे 70 वरच राहिले, ते 210. एकूण 910, दर हंड्याला 91. चिमट्यावर हाच सरासरी आकडा दिसतो. पाच नळ बंद पडले तर तो 85 वर येतो.

आता ऑक्सिजन वाढवला म्हणजे काय झालं? चालू नळांची धार वाढली. पण ते हंडे आधीच काठोकाठ भरलेत, जास्तीचं पाणी सांडून जाणार, फरक पडला तर थेंबभर. बंद नळावरच्या तिघींना मात्र काहीच मिळत नाही. नळ अर्धवट तुंबला असेल, तर ऑक्सिजन वाढवल्यावर आकडा चढतो. चढलाच नाही, तर बरेच नळ पूर्ण बंद आहेत असा अंदाज येतो. म्हणूनच डॉक्टर मनगटाच्या धमनीतून पुन्हापुन्हा रक्त घेतात. ते उगाच नसतं, त्यावरून हा हिशेब मांडता येतो.

मग उपाय काय? बंद नळ उघडायचे. व्हेंटिलेटरने श्वास सोडतानाही थोडा दाब ठेवला, तर मिटलेले काही फुगे उघडे राहतात. दुसरा उपाय रुग्णाला पालथं झोपवण्याचा. उताणं झोपल्यावर पाठीकडचं फुप्फुस दबतं, रक्त मात्र तिथे वाहतच राहतं. पालथं केलं की तो भाग मोकळा होतो.

याची पारखही झाली आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः फ्रान्समध्ये केलेल्या अभ्यासात व्हेंटिलेटरवरचे 466 अत्यवस्थ रुग्ण होते. उताणे ठेवलेल्यांपैकी 28 दिवसांत 100 मागे सुमारे 33 दगावले. रोज किमान 16 तास पालथे ठेवलेल्यांपैकी 16.

पण हे प्रत्येकाला लागू पडत नाही. नळ्या लावलेल्या रुग्णाला वळवायला शिकलेली चार-पाच माणसं लागतात. आपण हात लावायचा नाही. आणि तीन भागांचा हिशेब म्हणजे अंदाज, खरं फुप्फुस त्याहून गुंतागुंतीचं असतं.

उद्या आपल्यावर अशी वेळ आली, तर भांडण्याआधी तीन प्रश्न विचारूया. ऑक्सिजन वाढवल्यावर आकडा किती चढला? बंद पडलेला भाग उघडायला काय करताय? पालथं झोपवून उपयोग होईल का?

त्या ताई सगळं ऐकून एवढंच म्हणाल्या, "हे तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर सासूबाईंजवळ शांतपणे बसले असते." म्हणून मैत्रिणींनो, हा हंड्यांचा हिशेब आपल्या गटात जरूर सांगा.