तोंडातली राखण

जिभेवर दह्याच्या चोथ्यासारखा पांढरा थर. कापसाने पुसला की निघतो आणि खाली लालबुंद, हुळहुळणारी त्वचा दिसते. ही कँडिडा बुरशी. निरोगी माणसांच्या तोंडातही ती बऱ्याचदा असते, पण गप्प. तिला गप्प बसवण्यात टीएच-१७ नावाच्या, सीडी-४ गटातल्या रोगप्रतिकारक पेशींचा मोठा वाटा, आणि एचआयव्ही घाव घालतो तो नेमका यांच्यावर. रक्तातल्या सीडी-४ पेशी घन मिलिमीटरला २००च्या खाली उतरल्या की बुरशी सहज डोकं वर काढते. जिभेच्या कडेचा खरबरीत, पुसूनही न जाणारा पांढरा पट्टा मात्र वेगळा. तो एपस्टाइन-बार विषाणूचा.

लाळेत एचआयव्हीला अटकाव करणारी प्रथिनंही असतात. एका ताटात जेवल्याने लागण होत नाही, हे अजूनही सांगावं लागतं!

एचआयव्हीवरच्या एआरटी उपचाराच्या गोळ्या (आपल्याकडे सरकारी केंद्रांत २००४पासून मोफत) सुरू झाल्या की विषाणू दबतो, पेशी वाढतात, बुरशी ओसरते. पण तोंडाची विस्कटलेली घडी पूर्ण बसतेच असं नाही. काहींच्या तोंडाला कोरड पडते. लाळ आटली की दात किडायला वेळ लागत नाही. एचपीव्ही या विषाणूचे चामखीळ तर काही रुग्णांत उपचारानंतरच वाढलेले आढळले आहेत.