१७ सप्टेंबरला हत्तीबेटावर

गेल्या वर्षी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन उरकून आम्ही अहमदपूरच्या घरी आलो, तर सहावीतला भाचा तोंड पाडून बसलेला. वर्गातल्या एका पोराने त्याला ‘रझाकार’ म्हटले होते. “मामू, रझाकार अपने लोगां थे क्या?” त्याने विचारले. इतकी वर्षे वर्गात उभे राहूनही आम्हाला पटकन उत्तर सुचले नाही.

मग ठरवले की उत्तर घरात बसून द्यायचे नाही. जुहरची नमाज झाल्यावर जीप काढली. भाचा, आमची मुलगी, बहीण आणि शाळेतले मराठीचे सर. शिरूर ताजबंदवरून उदगीरच्या रस्त्याला लागलो. जायचे होते देवर्जनजवळच्या हत्तीबेटावर. खडकात कोरलेल्या जुन्या लेण्यांचा हा डोंगर मुक्तिसंग्रामात रझाकारांशी लढणाऱ्या तरुणांचा आसरा होता. पावसाळा सरत आला होता, दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळे पडू लागले होते.

रझाकार हा शब्द मूळचा वाईट नाही. उर्दूत त्याचा अर्थ स्वयंसेवक, आपल्या खुशीने काम करणारा. कासिम रझवी नावाच्या लातूरच्या वकिलाने मजलिसच्या नावाखाली उभ्या केलेल्या संघटनेने तो असा बदनाम केला की आज शिवी म्हणून वापरला जातो. आम्ही हे जीपमध्ये सांगत होतो, तोवर सर हळूच म्हणाले, “आमच्या आजोबांचं घर त्यांनीच जाळलं. ज्वारीच्या कणग्यांसकट.” इतकी वर्षे एका स्टाफरूममध्ये बसतो, पण हे कधी निघाले नव्हते.

बेटावर चढताना मुले पुढे पळाली. वर लेण्यांच्या सावलीत बसल्यावर आम्ही भाच्याला शोएबुल्लाह खान यांची गोष्ट सांगितली. हैदराबादेत ‘इमरोज’ नावाचे उर्दू दैनिक चालवणारा हा तरुण संपादक. संस्थानाने भारतात सामील व्हावे असे तो लिहीत होता, रझाकारांवर टीका करीत होता. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना त्याला गाठून मारले, लिहिणारा हात तोडला. “मतलब वो मुसलमान थे और रझाकारां के खिलाफ थे?” भाच्याने दोनदा विचारले. उर्दूच्या पुस्तकातही हे नाव त्याला भेटले नव्हते, याची आम्हालाच लाज वाटली.

पण गोष्ट एवढ्यावर थांबवली असती तर ती अर्धीच राहिली असती. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामाने हार मानली. तेव्हा आमचा अहमदपूर तालुका बिदर जिल्ह्यात होता. त्यानंतरचे दिवस आमच्या घरी ‘पुलिस अ‍ॅक्शन’ या दोन शब्दांत उरकले जात. ज्यांनी कधी हातात काठी धरली नव्हती, अशा माणसांनाही रझाकारांची किंमत मोजावी लागली. पंडित नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने अगदी हात राखून केलेला अंदाजही २७ ते ४० हजार मृत्यूंचा होता. सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातुरात दहा हजारांच्या मुस्लिम वस्तीपैकी जेमतेम तीन हजार माणसे समितीला दिसली. हा अहवाल कित्येक दशके दडून राहिला. जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही त्यात आहे.

तशा एका घरामुळेच आम्ही आहोत. नानी तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या. पाटलांच्या म्हातारीने त्यांना गोठ्याच्या माळवदावर कडब्याच्या पेंढ्यांमागे अकरा दिवस लपवले, अंधार पडल्यावर भाकरी वर पोचवली. नानींचे अब्बा मात्र परत आले नाहीत. त्यांची कबर नाही. नानी शब-ए-बरातला कुणाच्याही कबरीशी उभ्या राहून त्यांच्या नावे फातिहा पढत. हे बहीण बोलली, आम्ही नाही. सर खाली मान घालून ऐकत होते. मग त्यांनी आपल्या डब्यातली धपाटी सगळ्यांच्या हातावर ठेवली.

संग्रामात पडलेल्यांची स्मारके आपल्या भागात गावोगावी आहेत. बिलोली तालुक्यात अर्जापूरला गोविंदराव पानसरे यांचे, ज्यांना १९४६ मध्येच मारले गेले. कंधार तालुक्यात कल्हाळी, जिथे आप्पासाहेब नाईक लढता लढता पडले. ही आपलीही ठिकाणे आहेत, मुलांना घेऊन जा. नानींच्या अब्बांसारख्यांसाठी मात्र एक दगडही कुठे नाही.

परतताना शिरूर ताजबंदला चहा घेतला. भाचा सरांना कणग्या केवढ्या होत्या ते विचारत होता. सर हात पसरून दाखवत होते.

दिवाळीच्या सुट्टीत अर्जापूरला जायचे ठरले. वर्गातल्या त्या पोराच्या वडिलांना आम्ही फोन केला. आधी ते जरा बिचकले, मग म्हणाले, पाठवतो, सकाळी किती वाजता निघणार?